बातमी छापून आल्यानंतर

सरकारी भ्रष्टाचाराची बातमी छापून येते, चार दिवस तिची चर्चा होते, आणि मग पुढे काय होते? या संग्रहातले सगळे लेख या एका प्रश्नाभोवती जमवले आहेत. वृत्तपत्रे आणि भ्रष्टाचार या विषयावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्यातले बहुतेक लेखन बातमी फुटण्याच्या क्षणापाशीच थांबते. निर्भीड संपादक, कुणीतरी गुपचूप आणून दिलेली फाइल, दुसऱ्या दिवशीचा मोठा मथळा आणि मंत्र्याचा राजीनामा, ही आपल्या मनात ठसलेली गोष्ट. ती खोटी नाही. तसे घडले आहे, मुंबईतही घडले आहे. मात्र राजीनाम्यानंतर चौकशी कुठवर गेली, पैसा परत आला का, ज्या नियमाचा आधार घेऊन पैसा खाल्ला गेला तो नियम बदलला का, माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याचे काय झाले, असे विचारू लागलो की गोष्ट लांबते आणि तिच्यातली माणसेही वाढतात. माझे मत असे झाले आहे की भ्रष्टाचाराविरुद्ध बातमीचे बळ गौप्यस्फोटात थोडे आणि पाठपुराव्यात फार असते. पाठपुरावा एकट्या पत्रकाराला झेपत नाही. त्याला न्यायालय लागते, विधिमंडळ लागते, लेखापरीक्षक लागतो, माहिती मागणारा नागरिक लागतो. यातला एक जरी मागे हटला, तरी उत्तमातली उत्तम बातमी रद्दीत जाते.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाने आधी एक भेद लक्षात घ्यावा. जिल्ह्याच्या पानावर जवळजवळ रोज एक बातमी असते: सातबाऱ्यावर नोंद करण्यासाठी लाच घेताना तलाठी सापळ्यात, नाहीतर हवालदार, नाहीतर पंचायत समितीतला कनिष्ठ सहायक. ही बातमी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या प्रसिद्धिपत्रकावरून येते. ती खरी असते आणि छापायलाही हवी, पण तिच्यात वृत्तपत्राने स्वतः शोधलेले काही नसते. दुसरा भ्रष्टाचार असा सापळ्यात सापडत नाही. तो अंदाजपत्रकात, जादा दराच्या निविदेत, सुधारित प्रशासकीय मान्यतेत, न झालेल्या कामाच्या मोजमाप पुस्तिकेत आणि ठेकेदाराच्या देयकात असतो. तिथे नोटांना पावडर लावून भागत नाही. कागद वाचावे लागतात. गावोगाव ‘टक्केवारी’ म्हणतात ती हीच. पहिल्या प्रकारच्या शेकडो बातम्या आणि दुसऱ्या प्रकारची वर्षाकाठी एखादी, असे प्रमाण पडले की भ्रष्टाचार म्हणजे तलाठी, अशी वाचकाची समजूत होते. या पुस्तकाचा भर दुसऱ्या प्रकारावर आहे.

इतिहास तसा जुना आहे. भारतातले पहिले वृत्तपत्रच या भांडणातून गाजले. जेम्स ऑगस्टस हिकीने २९ जानेवारी १७८० रोजी कलकत्त्यात आपले गॅझेट सुरू केले, कंपनीच्या अधिकाऱ्यांवर आणि खुद्द वॉरन हेस्टिंग्जवर तोंडसुख घेतले, तो तुरुंगात गेला आणि दोनच वर्षांत त्याचा छापखाना जप्त झाला. मराठीत ‘दर्पण’ १८३२ मध्ये निघाले. तरी राज्यकर्त्यांच्या कारभाराशी वृत्तपत्राची थेट टक्कर व्हायला आणखी काही दशके जावी लागली. त्या टकरींपैकी दोन मला आजही बोलक्या वाटतात.

पहिली कोल्हापूरची. दिवाण माधवराव बर्वे तरुण छत्रपतींचा छळ करीत आहेत, असा मजकूर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी छापला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि ज्या पत्रांच्या आधारावर आरोप केले होते ती बनावट ठरली. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकरांना चार-चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि डोंगरीच्या तुरुंगातले ते १०१ दिवस मराठी माणसाला आगरकरांच्या पुस्तकामुळे ठाऊक आहेत. आपण ही घटना त्यागाची कथा म्हणून सांगतो. पत्रकाराने तिच्याकडे पुराव्याची कथा म्हणूनही पाहावे. हेतू निर्मळ होता, लोक पाठीशी होते, तुरुंगातून सुटल्यावर सत्कार झाले. तरीही कागद खोटा होता आणि त्यामुळे आरोप टिकला नाही. हाती आलेला कागद कुणी दिला, का दिला, तो अस्सल आहे हे दुसऱ्या कोणत्या मार्गाने ताडता येईल, हे प्रश्न तेव्हापासून आपल्या धंद्याच्या मुळाशी आहेत.

दुसरी क्रॉफर्ड प्रकरणाची. आर्थर क्रॉफर्ड हा मुंबईचा माजी म्युनिसिपल कमिशनर; शहरातली मंडई त्याच्याच नावाने ओळखली जाई. पुढे मध्य विभागाचा आयुक्त असताना, १८८८ मध्ये, बढत्या-बदल्यांसाठी मामलेदारांकडून पैसे घेतल्याच्या आरोपावरून त्याची चौकशी झाली. पैसे दिलेल्या मामलेदारांनी, शिक्षा होणार नाही या सरकारच्या वचनावर साक्षी दिल्या. आयोगाने लाच सिद्ध झाली असे मानले नाही, पण हाताखालच्या लोकांकडून कर्जे घेतल्याबद्दल क्रॉफर्डची नोकरी गेली. मग इंग्लंडात ओरड सुरू झाली: लाच दिल्याची कबुली देणारे लोक न्यायदानाच्या खुर्चीवर कसे बसतात? काही मामलेदार बडतर्फ झाले. टिळक त्यांच्या बाजूने उभे राहिले. सरकारने शब्द दिला आहे, तो पाळलाच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. भ्रष्टाचार उघड करणाऱ्याला संरक्षण द्यायचे की नाही, हा वाद आपल्याकडे इतका जुना आहे. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ मध्ये मंजूर केला; तो अमलात मात्र आलेला नाही.

त्याच काळातल्या तिसऱ्या नोंदीशिवाय हे चित्र अपुरे राहील. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. कचेरीत, न्यायालयात, कालवा खात्यात शेतकऱ्याला कोण कसे लुबाडतो, याचे इतके बारीक वर्णन त्या काळच्या दुसऱ्या कोणत्याही मराठी लेखनात मला आढळले नाही. त्याची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधू’त आली आणि पुढे छपाई थांबली. पुण्याची मोठी पत्रे दिवाण आणि आयुक्त यांच्याशी भांडत होती, तर कुलकर्ण्याच्या लेखणीखाली दबलेल्या कुणब्याची तक्रार एका छोट्या पत्रातही पूर्ण छापली जात नव्हती. कोणाला लुबाडले की बातमी होते आणि कोणाला लुबाडले की होत नाही, हा प्रश्न तेव्हा जितका टोचणारा होता तितकाच आजही आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या मोठ्या प्रकरणात संसद आणि वृत्तपत्रे यांची जोडी जमली. फिरोज गांधी यांनी मांडलेल्या खासगी विधेयकातून १९५६ मध्ये संसदेच्या कामकाजाचे खरे वृत्त छापणाऱ्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. पुढच्याच वर्षी त्यांनी, आपल्याच पक्षाचे सरकार असताना, आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटीचे शेअर का घेतले, हे लोकसभेत विचारले. न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत जाहीर सुनावणी घेतली. गर्दी इतकी झाली की बाहेर ध्वनिवर्धक लावावे लागले. १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. आणीबाणीत, १९७६ मध्ये, तो संरक्षणाचा कायदाच रद्द केला गेला आणि १९७७ मध्ये परत आणावा लागला. सभागृहात बोललेले बाहेर छापता येण्यात किती ताकद आहे, हे रद्द करणाऱ्यांना नेमके कळले होते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने मात्र या विषयाचे केंद्र १९८१ हेच आहे. त्यावर मी थोडा थांबणार आहे, कारण त्या एका प्रकरणात सगळे धागे एकत्र दिसतात. त्या काळी सिमेंट नियंत्रित होते. बांधकाम करणाऱ्याला सरकारी वाटपातून सिमेंट मिळे, आणि सरकारी भाव व काळ्या बाजारातला भाव यांत मोठे अंतर असे. म्हणजे वाटपाच्या कागदावरची सही हीच एक संपत्ती होती. मुख्यमंत्री बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी काही प्रतिष्ठाने स्थापन केली होती. त्यांतले ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ सर्वांत गाजले. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांचा लेख आला. बांधकाम व्यावसायिकांनी दिलेल्या देणग्या आणि त्यांना मिळालेले सिमेंट यांचा मेळ त्यांनी घालून दाखवला होता. त्या लेखाचे वेगळेपण विशेषणांत नव्हते, मांडणीत होते. एका बाजूला धनादेश, दुसऱ्या बाजूला वाटप. वाचकाने स्वतः ताडून पाहावे असा तो पुरावा होता.

तरीही मुख्यमंत्री लगेच गेले नाहीत. विधिमंडळात गदारोळ झाला, दिल्लीत हालचाली झाल्या, पण खुर्ची टिकली. समाजवादी नेते प. बा. सामंत आणि इतर उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ रोजी देणगी आणि सिमेंटवाटप यांचा संबंध मान्य करणारा निकाल दिला, आणि मग राजीनामा आला. लेख ते राजीनामा यांत साडेचार महिने गेले. या काळात बातमी जिवंत ठेवली ती रोज नवा तपशील छापणाऱ्या वार्ताहरांनी आणि प्रतिज्ञापत्रे तयार करणाऱ्या वकिलांनी. त्यानंतरची हकीकत सहसा कोणी सांगत नाही. फौजदारी खटला अनेक वर्षे चालला, सर्वोच्च न्यायालयात वारंवार गेला, १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठापुढे आला. पण अखेर कोणालाही शिक्षा झाली नाही आणि अंतुले पुढे केंद्रात मंत्री झाले. या हकिकतीचा निष्कर्ष दोन्ही बाजूंनी काढता येतो. बातमीने एक मुख्यमंत्री घालवला, हे खरे. खटल्याने काही सिद्ध केले नाही, हेही खरे. सिमेंटवरचे नियंत्रण पुढच्या काळात टप्प्याटप्प्याने गेले आणि पैसे खाण्याची ती विशिष्ट जागा संपली. भ्रष्टाचार कमी होण्याचे श्रेय कोणाला द्यायचे, हे ठरवणे म्हणूनच सोपे नाही. या संग्रहातले लेखकही त्यावर एकमेकांशी सहमत नाहीत.

त्याच न्यायमूर्ती लेंटिन यांच्याकडे पुढे जे. जे. रुग्णालयाची चौकशी आली. १९८६ च्या आरंभी तिथे भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले. आयोगाच्या कामकाजातून अन्न व औषध प्रशासन, मंत्री आणि औषध पुरवठादार यांचे जाळे जगापुढे आले. भ्रष्टाचार म्हणजे कुणाचा तरी खिसा भरणे एवढेच ज्यांना वाटते, त्यांनी हा अहवाल वाचावा. इथे चुकीच्या निविदेची किंमत माणसांनी जीव देऊन मोजली.

बोफोर्सची कथा सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात. १६ एप्रिल १९८७ रोजी स्वीडिश रेडिओने तोफांच्या सौद्यातल्या लाचेचे पहिले वृत्त दिले. चित्रा सुब्रमण्यम आणि एन. राम यांनी ‘द हिंदू’मधून कागदपत्रे छापली. आपल्याला माहिती देणारा स्वीडिश पोलीस अधिकारी स्टेन लिंडस्ट्रॉम होता, हे चित्राबाईंनी २०१२ पर्यंत, म्हणजे पाव शतक, कोणालाही सांगितले नाही. नव्या पत्रकारांनी या प्रकरणातून एकच गोष्ट घ्यायची तर ही घ्यावी. विनीत नारायण यांनी वेगळी वाट धरली. जैन हवाला डायऱ्यांचा तपास दडपला जातो आहे हे दिसल्यावर ते ‘कालचक्र’ या आपल्या व्हिडिओ मासिकावर न थांबता स्वतः सर्वोच्च न्यायालयात याचिकाकर्ते झाले. १८ डिसेंबर १९९७ च्या त्या निकालाने सीबीआयच्या संचालकाला किमान दोन वर्षांचा कार्यकाळ आणि केंद्रीय दक्षता आयोगाला देखरेखीचे अधिकार देण्याचे निर्देश दिले. पत्रकाराने पक्षकार व्हावे का, हा वाद आजही मिटलेला नाही. मला वाटते, बातमी छापूनही यंत्रणा हलत नसेल तर तो मार्ग पत्रकाराला खुला असावा. फक्त आपण पक्षकार आहोत हे त्याने वाचकापासून लपवू नये.

एवढ्या इतिहासातून आजच्या पत्रकारितेचे काही प्रवाह वेगळे काढता येतात. सर्वांत जुना अग्रलेखाचा: सत्तेला जाब विचारणारे मत. त्याने नीतीचा दाब तयार होतो, पुरावा तयार होत नाही. दुसरा कागदपत्रांचा, शौरींपासून आजच्या माहिती अधिकार वापरणाऱ्या वार्ताहरांपर्यंतचा. तिसरा छुप्या कॅमेऱ्याचा. मार्च २००१ मध्ये ‘तहलका’च्या पत्रकारांनी शस्त्रविक्रेते असल्याचे सोंग घेऊन भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष बंगारू लक्ष्मण यांना पैसे घेताना चित्रित केले, २०१२ मध्ये त्यांना शिक्षाही झाली. त्या चित्रणाचा परिणाम मी नाकारत नाही, पण या मार्गाबद्दल मला कायम धास्ती वाटत आली आहे. अमुक माणूस विकला जाऊ शकतो एवढे त्यातून दिसते. प्रत्यक्षात कोणत्या व्यवहारात किती सरकारी पैसा कुठे गेला, हे त्यातून कळत नाही. शिवाय हे हत्यार लवकरच खंडणीखोरांच्या हाती गेले, हे जिल्ह्या-जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे.

चौथा प्रवाह सहकार्याचा. एप्रिल २०१६ मधील पनामा पेपर्स म्हणजे १ कोटी १५ लाख दस्तऐवज. एकट्या वृत्तपत्राला ते वाचणे अशक्य होते, म्हणून अनेक देशांतल्या पत्रकारांनी ते वाटून घेतले. आपल्याकडे निवडणूक रोख्यांच्या बाबतीत हेच घडले. २०१८ मध्ये पूनम अगरवाल यांनी रोख्यावर अतिनील प्रकाशातच दिसणारा क्रमांक असल्याचे दाखवले. पुढच्या वर्षी नितीन सेठी यांनी, माहिती अधिकारात मिळालेली कागदपत्रे तपासून, रिझर्व्ह बँकेचे आक्षेप कसे डावलले गेले ते मांडले. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी योजनाच घटनाबाह्य ठरवल्यावर आधी देणगीदारांची आणि पक्षांची वेगवेगळी यादी आली, आणि त्या क्रमांकांमुळे कोणी कोणाला दिले हे जुळवता आले. तेव्हा काही छोट्या वृत्तसंकेतस्थळांच्या पत्रकारांनी स्पर्धा बाजूला ठेवून एकत्र काम केले. पाचवा प्रवाह गावातला. बुंदेलखंडात २००२ पासून ग्रामीण स्त्रियांनी चालवलेले ‘खबर लहरिया’ हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. रेशन, हातपंप, रस्ता, रोजगार हमीची हजेरी हे तिथले विषय.

हा पाचवा प्रवाह अभ्यासकांनी फार उशिरा ओळखला, वास्तविक आकडे त्याच्याच बाजूने बोलतात. टिमथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस या अर्थशास्त्रज्ञांनी १९५८ ते १९९२ या काळातल्या १६ प्रमुख राज्यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या राज्यांत वृत्तपत्रांचा खप जास्त, तिथली सरकारे पीक बुडाल्यावर किंवा पूर आल्यावर धान्य आणि मदत पोचवण्यात जास्त तत्पर, असे त्यांना आढळले. हा परिणाम इंग्रजी वृत्तपत्रांच्या खपाने नव्हे, तर राज्याच्या भाषेतल्या वृत्तपत्रांच्या खपाने घडत होता. युगांडातला अभ्यासही असाच बोलका आहे. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात सरकारने शाळांसाठी पाठवलेल्या अनुदानाचा सरासरी अवघा १३ टक्के भाग शाळांपर्यंत पोचत होता. मग कोणत्या जिल्ह्याला किती पैसे पाठवले, हे दर महिन्याला वृत्तपत्रांत छापले जाऊ लागले, शाळांच्या भिंतींवर लावले जाऊ लागले, आणि २००१ पर्यंत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेले. हे केवळ छपाईमुळे झाले का, यावर पुढे वाद झाला. पण मुख्याध्यापकाला किती पैसे यायला हवे होते हे ठाऊक असणे, ही पहिली पायरी होती, हे कोणी नाकारलेले नाही.

आपल्याकडे ती पायरी माहिती अधिकाराने बांधली. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावण्यांत हजेरीपटांचे जाहीर वाचन केले आणि १९९६ मध्ये ब्यावरला धरणे धरले. त्याच वर्षी भारतीय प्रेस परिषदेने, न्यायमूर्ती पी. बी. सावंत अध्यक्ष असताना, कायद्याचा मसुदा तयार केला. गोव्याने १९९७ मध्येच आपला कायदा केला. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांची आंदोलने झाली, पुण्यात प्रकाश कर्दळे यांच्यासारख्या संपादकाने वाचकांनाच अर्ज करायला शिकवले, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभर कायदा लागू झाला. त्यानंतरची दहा वर्षे मराठी शोधपत्रकारितेचा चांगला काळ होता, असे मी म्हणेन. कुलाब्याच्या ‘आदर्श’ इमारतीच्या घोटाळ्यावरून नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांना पद सोडावे लागले. सिंचनाचे प्रकरण त्याहून महत्त्वाचे, कारण त्याची सुरुवात सरकारनेच छापलेल्या एका आकड्यातून झाली. २०११-१२ च्या आर्थिक पाहणीनुसार दशकभरात सिंचित क्षेत्र १७.८ वरून १७.९ टक्क्यांवर गेले होते, आणि खर्च ७० हजार कोटींच्या घरात होता. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत २००९ मध्ये काही महिन्यांत सुमारे २० हजार कोटींनी वाढवली गेल्याचे कागद बाहेर आले. मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सेवेत असताना पत्रे लिहिली. सप्टेंबर २०१२ मध्ये उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला, डिसेंबरात ते परतले. श्वेतपत्रिका निघाली, माधवराव चितळे यांच्या पथकाचा अहवाल आला, गुन्हे दाखल झाले, काही चौकश्या बंदही झाल्या. कोणता प्रकल्प आज कोणत्या टप्प्यावर आहे, हे सांगणारी बातमी शोधायला गेलात तर फार कष्ट पडतील. सिंचनाच्या बातमीचा पाठपुरावा आपण मराठी पत्रकारांनी अर्ध्यावर सोडला, असे मी स्पष्ट म्हणतो.

सोडला, याची कारणे केवळ आळसात नाहीत. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत मराठी वृत्तपत्रांनी पैसे घेऊन उमेदवारांचे गुणगान बातमी म्हणून छापले, हे पी. साईनाथ यांनी दाखवले. प्रेस परिषदेच्या उपसमितीने नावांसह अहवाल तयार केला, तो परिषदेनेच दाबला आणि २०११ मध्ये माहिती आयोगाच्या आदेशानंतर बाहेर आला. स्वतःचे पान विकणारे वृत्तपत्र निविदेतल्या टक्केवारीवर कोणत्या तोंडाने बोलणार? तालुक्याचा वार्ताहर बहुधा पगारी नसतो. वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी त्यालाच ठेकेदार, सभापती आणि कारखान्याचे संचालक यांच्याकडून जाहिराती आणाव्या लागतात. ज्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका मागायची, त्याच्याकडूनच पुरवणीची जाहिरात मागायची, अशा कोंडीत तो असतो. मालकाला सरकारी जाहिरात हवी असते. या व्यवस्थेत जो वार्ताहर तरीही लिहितो, त्याचे मोल मला दिल्लीच्या कोणत्याही नामवंताहून अधिक वाटते.

आणि तो जीव धोक्यात घालतो. राजापूरचे शशिकांत वारिशे फेब्रुवारी २०२३ मध्ये, एका प्रकल्पाच्या जमीन व्यवहारांशी संबंधित बातमी छापून आली त्याच दिवशी, गाडीखाली चिरडले गेले. बस्तरचे मुकेश चंद्राकर यांनी रस्त्याच्या निकृष्ट कामाची बातमी केली होती. जानेवारी २०२५ मध्ये त्यांचा मृतदेह एका सेप्टिक टँकमध्ये सापडला. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये मंजूर केला. हल्लेखोराला त्याची भीती वाटेल असा त्याचा वापर अजून झालेला नाही.

या पुस्तकाची निकड आत्ताच का, याचे उत्तर कायद्यांतल्या बदलांत आहे. लाचलुचपत प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये १७अ हे कलम घातले गेले. अधिकाऱ्याने घेतलेल्या निर्णयाची चौकशी सुरू करण्यासाठीच सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक झाली. बातमीने कितीही पुरावा दिला, तरी पहिले दार तिथे बंद होऊ शकते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले ८(१)(ञ) हे कलम बदलले. आधी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, हे पाहावे लागे. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येत नाही, असा खुलासा तिथे होता. तो गेला. सार्वजनिक हिताचे ८(२) हे कलम शिल्लक आहे, पण ते वापरायचे की नाही हे कार्यालय ठरवणार. लाभार्थ्यांची नावे, ठेकेदाराची देयके, अधिकाऱ्याची मालमत्ता यांवर ‘वैयक्तिक’ असा शिक्का मारणे आता सोपे झाले आहे. फौजदारी बदनामीचा गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये वैध ठरवला. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल महाराष्ट्रात अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर ठेवण्याचा प्रघात पडला आहे, म्हणजे चर्चेची वेळच येऊ नये. यातली कोणतीही गोष्ट थेट सेन्सॉरशिप नाही. बातमी छापायला कोणी अडवत नाही. बातमीनंतरचा रस्ता मात्र एकेका ठिकाणी खणला जातो आहे.

संग्रहात पत्रकारांबरोबरच निवृत्त अभियंते, लेखापरीक्षक, वकील आणि माहिती अधिकाराचे कार्यकर्ते लिहितात, ते याच कारणाने. निविदा कशी फिरवतात हे उपअभियंत्याइतके कोणाला कळणार? लेखकांना आम्ही एकच अट घातली: प्रकरण कुठे फुटले याबरोबरच ते आज कुठे आहे, हे लिहायचे. त्यामुळे काही लेख अपुरे वाटतील, कारण ती प्रकरणेच अपुरी आहेत. न्यायालयाने निर्दोष सोडलेल्यांना इथे दोषी म्हटलेले नाही, आणि निर्दोष सुटणे म्हणजे बातमी खोटी होती असेही मानलेले नाही. दूरचित्रवाणीच्या संध्याकाळच्या चर्चांना जागा कमी मिळाली आहे. त्या चर्चांनी भ्रष्टाचाराबद्दल संताप वाढवला, माहिती फारशी वाढवली नाही, असे संपादक मंडळाचे मत पडले. उलट जिल्ह्यांतल्या यूट्यूब वाहिन्यांचा विचार सविस्तर आहे, त्यांतल्या खंडणीखोरीसह.

पुस्तकाच्या शेवटी अर्जांचे नमुने दिले आहेत. महाराष्ट्रात माहितीच्या अर्जाला १० रुपयांचे शुल्क आहे, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांत. उत्तरासाठी ३० दिवस, त्यानंतर पहिले अपील. आपल्या गावातले पूर्ण झाल्याचे दाखवलेले एखादे काम निवडावे, रस्ता असो वा पाझर तलाव, आणि त्याचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि अंतिम देयक मागवावे. ते कसे वाचायचे, हे पुढच्या पानांत आहे.